भिंगरीची वीस मिनिटं

माझ्या डोक्यावर मोजून काढता येतील इतकेच केस उरलेत, आणि तेही कानांच्या मागे दबा धरून बसलेले. तेव्हा लांब केस टॉवेलने कसे वाळवावेत यावर मी तोंड उघडणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून सूचना देणं. पण काठावरून दिसतं चांगलं. माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल गॅलरीत आहे. शेजारची गॅलरी हाताच्या अंतरावर, मध्ये कमरेएवढी भिंत. डोळ्याला भिंग लावलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं मी घड्याळात बघतोय. एका डोळ्याने बघतो. दुसरा मोकळाच असतो.

शेजारी भिंगरी राहते. हे नाव मी ठेवलं आणि तीन मजल्यांवर चिकटवलं. ती टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करते. टॉवेल आला की दोन कोपरे धरायचे, झटकायचा, उजेडात एक बाजू बघायची, उलटायचा, तळहात फिरवायचा, काठ चाचपायचे, घडी. चांगला डावीकडे, सदोष उजवीकडे. एका टॉवेलला चार सेकंद. अशी एकोणीस वर्षं. त्यामुळे तिचे हात घरी आले तरी त्यांची सुट्टी होत नाही. तिच्याकडे चहा प्यायचा तर कप हातात घट्ट धरून प्यावा लागतो. क्षणभर खाली ठेवला, की धुऊन पालथा. मी कित्येकदा अर्ध्या चहावर घरी आलोय.

तिच्या सासूबाई म्हणजे हेडबाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण अजून समोर आल्या की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. केस पांढरेशुभ्र आणि कमरेच्या खाली. दर रविवारी सकाळी गॅलरीत उन्हाला पाठ करून बसायच्या, केस खुर्चीच्या पाठीवरून सोडलेले, हातात पेपर. दुपारपर्यंत कोणी हाक मारायची नाही. नवरा गेला, शाळा सुटली, एका डोळ्याने नीट दिसेना, स्वयंपाकघर सुनेच्या ताब्यात गेलं. पण त्या केसांना त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. पोटच्या मुलीचाही नाही, आणि मुलीचं तर स्वतःचं ब्युटी पार्लर आहे.

मग बाई बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. डाव्या हाताने माणूस जेवू शकतो, पेपर उलटू शकतो, सुनेकडे बोट दाखवू शकतो. कमरेखाली जाणारे ओले केस मात्र आवरू शकत नाही.

पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला भिंतीपलीकडून असा खसाखसा आवाज आला, की मला वाटलं कोणीतरी तळाला लागलेलं पातेलं घासतंय. वाकून बघितलं तर भिंगरी टॉवेल दोन्ही हातांत धरून सासूबाईंचं डोकं चोळत होती.

"अगं, डोकं आहे ते," हेडबाई म्हणाल्या.

"झालंच, आई."

"केस तुटतायत."

"तुटतात ते कमकुवत. आम्ही कारखान्यातसुद्धा ओढूनच बघतो."

बाईंनी डाव्या हाताने टॉवेलवर आलेले केस एकेक करून उचलले, मांडीवर ठेवले आणि मोजले. किती झाले ते सांगितलं नाही. न सांगणं हे त्यांचं जुनं शस्त्र आहे, शाळेपासूनचं. दुसऱ्या रविवारीही तेच. त्या दिवशी ढीग मोठा होता, मला भिंतीवरून दिसत होता. भिंगरीलाही दिसला असणार, कारण त्या दिवशी तिने गॅलरी तीनदा झाडली.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी एक्स-रे होता. चार लोकांत जायचं तर केस स्वच्छ हवेत, असा बाईंचा हट्ट. म्हणून मंगळवारी पहाटे पावणेसहाला न्हाणं ठरलं. भिंगरीची पाळी सातची, घरातून निघायची वेळ सहा चाळीस. तिला काळजी अशी, की ओले केस तसेच सोडले तर बाईंना सर्दी होणार, आणि सर्दी झाली की नणंदबाई येऊन तिलाच ऐकवणार. तेव्हा तिने कपाटातून एक टॉवेल काढला. परदेशातल्या मोठ्या हॉटेलांसाठी काढलेला, जाडजूड, पांढरा, गालिच्यासारखा. कामगारांना वर्षातून एकच मिळतो. तो तिने चार वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला नव्हता.

"हा बघा, आई. यात एकही दोष नाही. मी स्वतः पास केलाय."

माझी खात्री आहे, आजवर तिने सासूला दिलेली ही सगळ्यात मोठी भेट होती. आणि तिथेच सगळं बिघडलं. केस न विंचरता तिने टॉवेलात घेतले, फरशीचं फडकं पिळावं तसा पीळ भरला, डोक्यावर चढवला आणि वजनाने घसरतोय बघून मानेशी भलीमोठी सेफ्टीपिन खुपसली. "संध्याकाळपर्यंत कोरडे ठणठणीत," म्हणत जिना उतरलीसुद्धा. नवऱ्याची बसगाडीवर ड्यूटी, तो तिच्या आधीच गेलेला.

आता माझा भाग. तो गाळून पुढे जाता आलं असतं तर गेलो असतो.

साडेसातला हेडबाई गॅलरीत आल्या. डोक्यावर तो पांढरा डोलारा, मान ताठ, एक हात प्लास्टरमध्ये छातीशी. असं दृश्य सकाळी सकाळी फुकट मिळाल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय करावं? मी म्हणालो, "बाई, गादीवर कधी बसताय? मला निदान दिवाणाची नोकरी द्या." खाली भाजीवाला उभा होता. त्यालाही सांगितलं, "वर बघ, आमच्या शेजारी सुलतान आलाय. मुजरा करून जा." त्याने वर बघितलं, पोस्टमनने बघितलं, समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. हेडबाई उठल्या, आत गेल्या आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. मी खूश होऊन एका मनगटी घड्याळाचा काटा बसवायला घेतला.

पावणेचारला भिंगरी परत आली. कुलूप, चपला, पिशवी, नळ असे तिचे आवाज मला पाठ आहेत. त्या दिवशी नळाच्या जागी "आई, अहो आई" असा आवाज आला. मी दरवाजातून धावलो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. टॉवेल तसाच, डोक्यावर. कपाळावर त्याच्या काठाचा लाल पट्टा उमटलेला, डोळे सुजलेले, अंगात कणकण. पिन मानेमागे, प्लास्टरचा हात तिथे पोचत नव्हता, आणि डाव्या हाताने ती उघडत नव्हती. नऊ तास. भिंगरीने पिन काढली, टॉवेल सोडला, आणि बादलीत विसरलेल्या फडक्याला येतो तसा वास खोलीभर झाला. केस अजून ओले होते. वरचे दमट आणि मानेजवळ, जिथे डोकं खुर्चीला टेकून होतं तिथे, मुठीएवढा घट्ट गोळा. त्याचं टोक कुठलं आणि मूळ कुठलं ते देवालाही सांगता आलं नसतं.

"बाई, मला एक हाक मारायची," मी म्हणालो.

"तुला?" त्या म्हणाल्या. "तू भाजीवाल्याशी बोलत होतास."

मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

संध्याकाळी पार्लरवाली आली. हेडबाईंची मुलगी, भिंगरीची नणंद. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि आईच्या घरात पाऊल टाकताना पार्लरच्या चपलांसकट पार्लरचा आवाजही घेऊन येते. तिने तो गोळा दोन बोटांनी दाबून बघितला.

"हा सुटत नाही. मी रोज बघते असे. कापायचाच."

"किती?" हेडबाईंनी विचारलं.

"मानेपासून. उगाच अर्धे ठेवून काय करायचंय? आई, अजून तीन आठवडे प्लास्टर आहे. पुढे हात पूर्वीसारखा चालेल याची खात्री कोणी दिलीये? वहिनीच्या हाताचा नमुना तर आता बघितलाच."

"प्लास्टर निघेपर्यंत थांब."

"तोपर्यंत डोक्यात बुरशी येईल. रविवारी सकाळी पार्लर उघडायच्या आधी येते. कात्री माझी आणते, तुमच्या घरातल्या कात्रीने दोरासुद्धा तुटत नाही."

बाईंचा मुलगा दारात उभा होता. आम्ही त्याला होयबा म्हणतो. तो म्हणाला, "आई म्हणते तेही बरोबर आहे, आणि ताई म्हणते तेही." एवढं बोलून तो बसच्या वेळापत्रकात तोंड घालून बसला.

नणंद गेल्यावर भिंगरी खोलीतल्या वस्तू हलवत राहिली. खुर्ची इकडची तिकडे, तिकडची इकडे. हेडबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "तुला बरं पडेल."

"काय?"

"कापले की. तुझी दहा मिनिटं वाचतील."

भिंगरी उभ्या जागी थांबली. मला ती थांबलेली बघायची सवय नाही, म्हणून मीच तिथून निघालो.

पुढचं भिंगरीने आमच्या हिला सांगितलं आणि हिने मला, म्हणजे बातमी पक्की. बुधवारी होयबाने सुट्टी घेऊन आईला डोक्याला रुमाल बांधून एक्स-रेला नेलं, आणि भिंगरी कामावर गेली. तिथे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून चूक झाली. काठ उसवलेला टॉवेल डावीकडे गेला. मुकादमाने तो परत आणून तिच्यासमोर ठेवला आणि नुसतं बघितलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती चाचणीच्या खोलीत गेली, पिशवीत तो गालिचा टॉवेल घेऊन.

त्या खोलीत जी बाई बसते तिला सगळे पाणीवाली म्हणतात. प्रत्येक मालातला बोटभर तुकडा कापायचा, पाण्याच्या परातीत सोडायचा आणि तो किती सेकंदांत बुडतो ते लिहायचं, एवढंच तिचं काम. भिंगरी त्या दारावरून रोज चार वेळा जाते. आत कधी गेली नव्हती, कारण आत सगळं हळू चालतं.

"याचा कोपरा काप," भिंगरी म्हणाली.

"हॉटेलचा आहे हा. वेडी आहेस का?"

"काप."

तुकडा परातीत सोडला. तरंगत राहिला, होडीसारखा. पाणीवालीने बोटाने ढकलला तरी तरंगला.

"नवा ना हा? हात लावला की मऊ लागावा म्हणून औषध मारतात. चार-पाच धुण्यांत जातं. तोवर पाणी पीत नाही."

"मी पास केला हा."

"तू काठ बघतेस गं. तहान मी बघते."

मग पाणीवालीने भिंगरीच्या कमरेला खोचलेलं हात पुसायचं फडकं ओढलं. होयबाचा जुना सुती टी-शर्ट होता तो, धुऊन धुऊन आरपार दिसणारा. त्याचा तुकडा पाण्यावर टाकला. दगडासारखा खाली गेला.

भिंगरीने मग तिला सगळं सांगितलं. पाणीवालीचे स्वतःचे केस कमरेपर्यंत आहेत, टोपीखाली गुंडाळलेले. तिने तिथेच भिंगरीच्या मनगटावर ते फडकं धरून दाखवलं. "चोळायचं नाही. टॉवेलला हे बारीक फंदे असतात, त्यात ओला केस अडकतो आणि तुटतो. ओला केस म्हातारा असतो, तरण्याचाही. मुठीत घ्यायचा आणि दाबायचा, वरून खाली. मग डोकं पुढे वाकवून कापड मानेशी लावायचं, केस त्यात घ्यायचे, सैल पीळ, मागे नेऊन खोचायचं. पिन नाही. वीस मिनिटं. त्यावर ठेवलं तर आतच आंबतात."

"आणि मग?"

"मग सोडायचे. मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून वर विंचरायचे. बाकीचे हवेवर आपोआप वाळतात."

"तेव्हा मी काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही," पाणीवाली म्हणाली आणि परातीतलं पाणी बदलायला उठली.

त्याच संध्याकाळी मी भिंतीवरून जे बघितलं ते सांगितल्याशिवाय मला सुटका नाही. भिंगरीने फरशी पुसायचा लांब दोऱ्यांचा पोछा उलटा करून खुर्चीला बांधला होता. दोऱ्या ओल्या केलेल्या. आणि ती त्या दोऱ्या मूठमूठ घेऊन टी-शर्टात दाबत होती, वरून खाली, ओठ मुडपून. मग तिने पोछा हळूच पुढे वाकवला आणि त्याला गुंडाळलं.

"भावोजी," ती मागे न बघता म्हणाली, "तुम्ही बघताय ते मला कळतंय. वीस मिनिटांचं घड्याळ आहे का?"

"घड्याळ सगळ्याच मिनिटांचं असतं, वहिनी."

"द्या मग."

मी गजराचं एक जुनं घड्याळ भिंतीवरून दिलं, वीस मिनिटांवर गजर लावून. ती पोछ्याशेजारी बसली. दुसऱ्या मिनिटाला उठून कुंडीतलं वाळलेलं पान तोडलं. तिसऱ्याला कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे लावले. पाचव्याला आत जाऊन आली. सातव्याला पोछा सोडून चाचपला.

"ओला आहे अजून."

"तेरा मिनिटं राहिलीत."

"तुमचं घड्याळ हळू चालतं."

ही पोछ्याची गोष्ट मी तीन दिवस कोणालाही सांगितली नाही. हा माझा आजवरचा विक्रम आहे. जीभ नुसती चावून चावून ठेवली. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, आज वर काही नाही का म्हणून.

गुरुवारी आमच्या हिने स्वतःचं डोकं दिलं. हिचे केस बऱ्यापैकी लांब आहेत. हिने सांगितलं, "कपाळावर घट्ट होतंय, बोट गेलं पाहिजे आत." भिंगरीने सोडून पुन्हा बांधलं, आत बोट घालून बघितलं, पुन्हा बांधलं. नवव्या मिनिटाला ही बसल्या जागी झोपली. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्यासमोर बसून ही कधी इतकी निवांत झोपली नव्हती. मी ते मनाला लावून घेतलं नाही, फक्त नोंद घेतली.

पण पोछा आणि शेजारीण वेगळ्या, हेडबाई वेगळ्या. आणि खरा प्रश्न त्या गोळ्याचा होता. बुधवारपासून रोज कामावरून आल्यावर भिंगरी तेलाची वाटी घेऊन सासूच्या मागे स्टुलावर बसायची. पहिल्या दिवशी बाईंनी मान वळवली.

"हात लावू नकोस."

"आई, रविवारपर्यंत. मग तुम्ही म्हणाल तसं."

"तुझा हात घाईचा आहे."

"आहे."

"दुखलं तर मी सांगणार."

"सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. बुधवारी एकतीस वेळा "दुखलं" ऐकू आलं. मी मोजत होतो, घड्याळजीला मोजायची खोड असते. प्रत्येक वेळी भिंगरीचे हात थांबायचे, मग पुन्हा सुरू. गुरुवारी सतरा वेळा. शुक्रवारी पाच, आणि त्यातलं एक प्लास्टरमधल्या खाजेचं होतं. बोटांना तेल लावून, टोकाकडून, एकेक केस. चार सेकंदांत टॉवेल पास करणारी बाई एका केसाला चार चार मिनिटं देत होती आणि पाय मात्र खाली शिवणयंत्रावर असल्यासारखे हलत होते. मुठीएवढा गोळा लिंबाएवढा झाला, लिंबाचा बोराएवढा. शनिवारी दिवेलागणीला तो वाटाण्याएवढा उरला होता आणि तिथे अडला. भिंगरीने तेल बदललं, सुई आणली, सुईचं टोक बोथट करून बघितलं. वाटाणा हलला नाही.

"राहू दे," हेडबाई म्हणाल्या. "उद्या ती येतेच आहे."

रविवारी भिंगरी साडेपाचलाच उठून जिना झाडत होती. आमचा मजला झाडला, वरचा झाडला. साडेसातला पार्लरवाली आली, बगलेत कातडी पाकीट, त्यात कात्री आणि फण्या. आम्ही दोघं, मी आणि ही, भिंतीशी उभे राहिलो. आता आम्हीही या खटल्यात पक्षकार होतो, आणि मी तर आरोपी.

"आधी केस धुतलेत का?" पार्लरवालीने विचारलं.

"धुतेय," भिंगरी आतून म्हणाली.

थोड्या वेळाने दोघी बाहेर आल्या. हेडबाई स्टुलावर बसल्या. भिंगरीने टी-शर्ट घेतला, आणि चोळला नाही. एकेक मूठ घेऊन दाबत गेली, मुळापासून टोकापर्यंत, कापडाची कोरडी बाजू पुढे करत. मग म्हणाली, "आई, जरा वाका." कापड मानेशी, केस आत, सैल पीळ, मागे खोचलं, कपाळाशी बोट घालून बघितलं. मी भिंतीवर ठेवलेल्या त्या गजराच्या घड्याळाची चावी फिरवली.

"हे काय?" पार्लरवाली म्हणाली. "दादाचा टी-शर्ट?"

"हो."

"मला नऊला दुकान उघडायचंय, वहिनी."

"वीस मिनिटं."

पार्लरवाली पाकीट मांडीवर घेऊन बसली. चेन उघडायची, लावायची. उघडायची, लावायची. भिंगरी उभी राहिली. मग कुंडीकडे वळली, कुंडीजवळून दाराकडे, दाराकडून पुन्हा स्टुलाकडे, हात पुढे केला, मागे घेतला. होयबा आतबाहेर करत होता. मीसुद्धा उगाचच भिंग काढून पुसलं. त्या गॅलरीत स्वस्थ असं एकच माणूस होतं, आणि ज्यांचे केस जायचे होते त्याच त्या.

सहाव्या मिनिटाला भिंगरीचा हात टी-शर्टाच्या गाठीकडे गेला. हेडबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"बस इथे."

"आई, जरा बघू तर द्या…"

"बस म्हटलं ना."

त्या आवाजाला तीन पिढ्यांच्या मुली बसल्या आहेत. भिंगरी फरशीवर बसली, सासूच्या पायाशी, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बाईंनी तिचं मनगट सोडलं होतं, तरी ती हलली नाही. चौदा मिनिटं. मला लग्नात मिळालेलं घड्याळ दुरुस्त करताना इतका ताण आला नव्हता.

गजर वाजला. टी-शर्ट सोडला. केस पाठीवर पडले, दमट पण निथळलेले, आणि साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. भिंगरीने मोठ्या दातांची फणी घेतली, टोकापासून सुरुवात केली, हळूहळू वर. फणी सरकत गेली आणि मानेच्या खाली एका जागी थांबली. वाटाणा.

पार्लरवालीने पाकिटातून कात्री काढली. "बघ आई, मी म्हटलं होतं. आता उगाच जीव नको अडकवू."

"दे इकडे," हेडबाई म्हणाल्या.

तिने कात्री दिली. बाईंनी डाव्या हाताने ती मागे नेली, त्या वाटाण्यावर लावली आणि दाबली. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालत नाही, नुसती चावते. दोनदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. मग त्यांनी कात्री खाली आणली आणि मुठीकडची बाजू पुढे केली. मुलीच्या पुढे नाही. सुनेच्या.

"एवढाच. दुसरा एक केस जाता कामा नये."

"आई," पार्लरवाली म्हणाली, "मी हे काम शिकलेय."

"तू कापायला शिकलीस."

भिंगरीने वाटाणा दोन बोटांत धरला, आजूबाजूचे केस बाजूला केले, पुन्हा बघितलं, पुन्हा बाजूला केले. चार सेकंदांची बाई तिथे किती वेळ होती ते मी मोजलं नाही. मग कात्रीचा बारीक आवाज झाला. तिने तो तुकडा तळहातावर घेऊन सासूच्या पुढे धरला. हेडबाईंनी तो चष्म्याजवळ नेऊन तपासला, उलटून बघितला आणि म्हणाल्या, "पास."

पार्लरवालीने कात्री परत पाकिटात ठेवली. मग उठली आणि आईच्या मागे जाऊन त्या केसांतून, आईने अडवलं नाही म्हणून, हात फिरवला. असा हात फिरवायला मिळण्याची ही तिची पहिलीच वेळ असावी. नऊ वाजून गेले तरी दुकान उघडायचं राहिलं होतं. जाताना दारात थांबून म्हणाली, "वहिनी, दादाचे असे जुने आणखी आहेत का?" आता तिच्या पार्लरमध्ये रंगीत टॉवेलांखाली जुन्या टी-शर्टांची चवड असते. गिऱ्हाइकांना ती परदेशी पद्धत म्हणून सांगते. मी दोनदा तिकडे जाऊन बघून आलोय, बायकोला सोडायला गेल्याच्या निमित्ताने.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट उत्तम जुळलंय. हेडबाई आता त्या हाताने कुलूप उघडतात, पत्रं लिहितात, मला भिंतीपलीकडून बोट दाखवतात. डॉक्टर म्हणाले, काही राहिलेलं नाही. पण रविवारी सकाळी तो हात दुखतो. फक्त रविवारी, साडेसात ते साडेआठ. त्या वेळात भिंतीपलीकडून हाक येते, "अगं, कापड आण," आणि आमचं घड्याळ वाजायला लावलं जातं. ते मी अजून परत मागितलेलं नाही.

परवाच्या रविवारी मी शेजारी गेलो होतो. बाई स्टुलावर, डोक्यावर टी-शर्ट, भिंगरी शेजारी फरशीवर. मला चहा दिलेला. बोलता बोलता अर्धा झाल्यावर मी कप खाली ठेवला, आणि ठेवताक्षणी माझ्या लक्षात आलं की गेला. वीस मिनिटं तो तिथेच होता. गार झाला, वर साय आली. मी तो तसाच प्यायलो.